जागेवर वाट दिसून आली नाही

कसबा बावड्याच्या बाजूनं वारं सुटलं की साखर कारखान्याच्या मळीचा वास थेट राजारामपुरीत येतो. गल्लीतली माणसं नाकं मुरडत खिडक्या लावून घेतात. मी उघडते. शेजारच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, "वकीलबाई, तुमचं सगळं जगावेगळंच." असेल बाई. पण गळीत हंगाम सुरू झाला, चौकात उसाची ट्रॉली अडकली, मागं हॉर्नची बोंबाबोंब उठली आणि तेवढ्यात कुणीतरी मोटारसायकलवरून हात लांबवून एक ऊस ओढून घेतला, की मला हातकणंगले तालुक्यातलं एक रान आठवतं. त्या रानाजवळची बारा फुटांची एक पट्टी आठवते. आणि माझं एक वाक्य आठवतं. ते मी सव्विसाव्या वर्षी लिहिलं, आणि त्याच्यामुळं एका बाईचा ऊस सहा हंगाम नीट रानाबाहेर निघाला नाही.

यंदा हे जरा जास्तच आठवतंय. त्याला कारण हायकोर्ट. हायकोर्टाचं बेंच आता आमच्या गावात बसतं. परवा रिक्षात बसले आणि कोर्टात सोडा म्हटलं, तर रिक्षावाला मागं न बघताच विचारतो, "खालच्या का वरच्या?" मी म्हटलं, वरच्या. "आयला, भारी न्हवं! आमच्या आज्ज्याचं अपील मुंबईला हुतं बगा. आज्जा गेला, पर कोर्टाचं दार काय बघाय मिळालं न्हाय त्येला." एवढं बोलून त्यानं एका बसला कट मारला आणि तिच्या ड्रायव्हरला आईवरून काहीतरी सुनावलं. मी मात्र त्याच्या आज्ज्याचाच विचार करत राहिले. किती आज्जे असे गेले असतील. खाली आपण हरलो की वर जायचं एवढं त्यांना माहीत होतं. वर म्हणजे कुठं, तिथं कोण बसतं, ते काय वाचतात, हे काही माहीत नव्हतं.

पहिल्यांदा त्या कोर्टात गेले तेव्हा माझं काहीही काम नव्हतं. मागच्या बाकावर जाऊन बसले नुसती. एवढी वर्षं काळा कोट घालूनही नव्या सुनेसारखी अवघडून बसले होते. शेजारी एक पटकेवाले आजोबा होते. त्यांनी मांडीवर पिशवी घट्ट धरली होती, पिशवीत भाकरीचा वास होता. समोर वकील इंग्रजीत बोलत होते. आजोबांना त्यातलं एक अक्षर कळत नसणार, पण न्यायमूर्तींनी कागद उलटला की आजोबाही मान पुढं करत. मध्येच मला म्हणाले, "वाचत्यात न्हवं?" मी म्हटलं, "वाचतायत." "मग झालं," ते म्हणाले.

मी दर महिन्याला हायकोर्टाच्या एखाद्या निकालावर पानभर टिपण लिहिते. साध्या मराठीत, नव्या वकिलांसाठी. अपिलात काय झालं, कोर्टानं कुठलं कलम कसं वाचलं, आपण त्यातून काय घ्यायचं. आजवर ढिगानं निकालांवर लिहिलं. ज्या निकालानं मला खरं तर वकिली शिकवली, त्याच्यावर मात्र एक ओळ लिहिली नाही. कारण त्यात मी आहे.

गेल्या आठवड्यात माझी ज्युनिअर अमृता नाचतच ऑफिसात आली. तिला पहिलं कमिशन मिळालं होतं. दाव्यातल्या जागेवर काय आहे ते बघायला कोर्ट एखाद्या वकिलाला पाठवतं, त्याला कोर्ट कमिशनर म्हणतात. नव्या पोरींना हा फार मोठा मान वाटतो. मलाही वाटला होता. "मॅडम," ती म्हणाली, "पण जागेवर जाऊन नेमकं बघायचं काय?"  मी उठून कपाटातून त्या निकालाची नक्कल काढली. घड्यांवर फाटलीय ती आता.

त्या निकालातलं कमिशन मला मिळालं तेव्हा श्रावण चालू होता. दावा वाटेचा होता. शेवंताक्का म्हणून एक बाई, नवरा वारलेला, स्वतः रान करणारी. तिचं रान आतल्या अंगाला. तिथून गावच्या रस्त्यापर्यंत यायचं तर मध्ये तिच्या चुलतदिराचं, रंगरावांचं रान. तिचं म्हणणं, माझ्या सासऱ्यापासून आमची उसाची गाडी ह्याच पट्टीवरून जाते. रंगराव म्हणायचे, वाट नाहीच मुळात, माझं रान आहे, यंदा मी तिथं ऊस लावणार. दोघांचं आधी चांगलं होतं. कुठल्याशा बारशाला मानाचं बोलावणं राहिलं आणि तिथून बिनसलं म्हणतात. आता बारशाचं आणि वाटेचं काय नातं, ते आमच्याकडच्या भावकीलाच विचारावं.

माझे सीनिअर एकच गोष्ट बजावून सांगत. "दिसेल ते सगळं लिही. मत तुझ्याजवळ ठेव. आणि कुठल्याच पार्टीचा चहा घेऊ नकोस." मी तिन्ही गोष्टी पाठ करून गेले. पायात नवे बूट, हातात टेप, काखेत छत्री. दोन्ही बाजूंचे वकील होते, पंच होते, बांधावर निम्मं गाव होतं. शेवंताक्का पदर खोचून माझ्यासमोर आली. हातात चहाचा पितळी पेला. मी हात असा आडवा केला की जणू तिनं मला विषच दिलं.

ती म्हणाली, "आवं बाई, सुगीत या की. आत्ता काय दिसणार हाय हितं?"

आणि मी काय म्हणाले? आजही सांगताना कान तापतात. मी म्हणाले, "जे सांगायचं ते कोर्टात सांगा. मला तोंडी काही सांगू नका." राजारामपुरीत वाढलेली पोरगी मी. ऊस माहीत होता तो रसाच्या ग्लासातला आणि ट्रॉलीतला. तो लावतात कधी, तोडतात कधी, किती महिने उभा असतो, हे मला त्या पंचेचाळिशीच्या बाईला विचारता आलं असतं. पण मी कमिशनर होते ना! कमिशनर विचारतो कशाला?

मग मी लिहायला बसले. लिहिलं मात्र कसून, ते मान्य करायला हवं. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला ऊस, मधल्या बारा फुटांत भुईमूग. भुईमुगाची पट्टी शेवंताक्काच्या बांधापासून गावच्या रस्त्यापर्यंत सरळ. बांधाला तेवढ्याच रुंदीचं खिंडार, त्यात धोंडे जमिनीत ठोकून बसवलेले. कडेला बाभळ, तिची साल पट्टीकडच्या अंगाला माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर घासलेली. उसाचा पाण्याचा पाट पट्टीला लागूनच गेलेला. टेप लावून सगळं मोजलं, नकाशा काढला. चौदा परिच्छेद झाले. आणि शेवटी, मत जवळ ठेव म्हणून सांगितलेलं विसरून, मोठ्या थाटात एक ओळ ठोकून दिली: जागेवर वाट दिसून आली नाही.

खोटं काय होतं त्यात? काहीच नाही. खरंच दिसली नव्हती.

खालच्या कोर्टात शेवंताक्का जिंकली. म्हातारे साक्षीदार होते, त्यांनी पिढ्यांची वहिवाट सांगितली. रंगराव जिल्हा कोर्टात अपिलात गेले. अपिलात माझी शेवटची ओळ वर आली आणि साक्षीदार खाली गेले. स्वतः कोर्टाच्या कमिशनरनं वाट नाही म्हटल्यावर माणसांच्या आठवणींना कोण विचारतो? निकाल फिरला. त्या दिवशी मी दुसऱ्याच कामासाठी कोर्टात होते. जिन्यावर शेवंताक्का बसली होती. मला बघून उठली. भांडेल, शिव्या देईल असं वाटलं, आणि कोल्हापुरी बाईच्या शिव्या म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. पण ती शांतपणे म्हणाली, "बाई, तुमीच लिवलं न्हवं, वाट न्हाय म्हणून?"

मी म्हटलं, "हो."

"बरं," ती म्हणाली. "आता वाट न्हाय म्हंजे रान बी न्हाय बगा." आणि जिना उतरून गेली.

तिच्या बोलण्याचा अर्थ मला पुढच्या हंगामात कळला. रंगरावांनी पट्टीवर ऊस लावला. ऊसतोडीच्या टोळ्या शेवंताक्काच्या रानात यायला तयार होईनात. जिथं गाडी लागत नाही तिथं कोण येणार? तिचा ऊस सगळ्यांच्या मागं तुटायचा. तोवर त्याला तुरे यायचे, कांडी वाळायची. मग ती आणि तिची लेक मोळ्या डोक्यावर घेऊन मागच्या ओघळीतून चिखल तुडवत रस्त्याला आणायच्या. रंगरावांचा निरोप यायचा, रान मला देऊन टाक, कशाला मरतीस. ती नको म्हणायची. हे सगळं मला शिकलगार वकील सांगायचे. ते तिचे वकील, आणि माझ्या सीनिअरांचे जुने दोस्त. मुद्दाम मला टोचावं म्हणून सांगत नव्हते. पण टोचायचंच. त्या सहा हंगामांत रस्त्यावर ट्रॉली दिसली की मी दुसरीकडं बघायची.

शिकलगारांनी हायकोर्टात दुसरं अपील घातलं. दुसऱ्या अपिलाची गंमत अशी, की तिथं पुरावा पुन्हा तोलत बसत नाहीत. खरा कोण, खोटा कोण, हे खाली संपलं. वर जायचं तर कायद्याचा प्रश्न घेऊन जायचं, तोही वजनदार. शेवंताक्काला हे समजावताना शिकलगारांचा घसा सुकायचा. ती म्हणायची, "सायबास्नी एकदा रान दावू या की. माणूस लावून बलवा. म्या जेवाय घालतो." शिकलगार म्हणायचे, "आक्का, तिथं रान नेता येत नाही, तिथं फक्त कागद जातो." कागद म्हणजे माझा अहवाल. माझ्याच चौदा परिच्छेदांचं इंग्रजी करून तो मुंबईला गेला होता, शेवटच्या ओळीसकट.

शेवटी एका हंगामात निकाल आला. पौषातली थंडी होती, आमच्या गॅलरीत ऊन यायला दहा वाजायचे. शिकलगार स्वतः स्कूटरवरून आले, निकालाची नक्कल माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "बस. खुर्चीत बसून वाच."

शेवटपर्यंत एका दमात वाचत गेले. ज्या न्यायमूर्तींनी ते लिहिलं त्यांनी हातकणंगले नकाशावर तरी बघितलं होतं का, देव जाणे. पण त्या माणसानं माझा अहवाल वाचला होता. एक ओळ नव्हे, चौदाच्या चौदा परिच्छेद, सावकाश, माझ्यापेक्षा नीट. त्यांनी म्हटलं होतं त्याचा मथितार्थ असा: कमिशनरला वाट दिसली नाही, ठीक. पण त्यांनाच दोन्हीकडं ऊस दिसला आणि मधे भुईमूग दिसला. पाणी तर पट्टीला लागून आहे. मग शेजारी सगळा ऊस करणारा शेतकरी एवढीच पट्टी सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, भुईमुगाला का ठेवतो? भुईमूग दिवाळीच्या आत निघतो. ऊस एकदा लावला की तोडल्यावर पुन्हा फुटणाऱ्या खोडव्यासकट दोन-तीन वर्षं जागा सोडत नाही. म्हणजे बरोबर तोडणी सुरू होताना ही पट्टी मोकळी लागत होती. कुणाला लागत होती आणि कशाला, ते बांधातल्या धोंड्यांनी आणि बाभळीच्या सालीनं सांगितलंय. वाट बारा महिने तुडवली तरच ती वाट, असं कायदा कुठंही म्हणत नाही. हंगामापुरती वापरलेली वाटही वाटच असते. आणि समोर असलेला पुरावा सोडून त्यातली एकच ओळ उचलून निकाल देणं, ही कायद्याचीच चूक. झाला की कायद्याचा वजनदार प्रश्न!

मी नक्कल खाली ठेवली. पुन्हा उचलली. मी त्या रानात तीन तास उभी होते. भुईमूग माझ्या बुटाला लागत होता. मला दिसला आणि कळला नाही. आणि चारशे किलोमीटरवर, समुद्राकाठच्या शहरात, फायलींच्या ढिगामागं बसलेल्या एका माणसाला माझ्याच शब्दांतून वाट दिसली. बैलगाडी दिसली, गाडीवरचा लांबलेला ऊस बाभळीला घासताना दिसला. वाचणं म्हणजे काय असतं, ते मला त्या सकाळी कळलं. मी थक्क झाले होते, आणि खरं सांगते, आजही त्यातून बाहेर आलेले नाही.

माझ्याबद्दलही एक वाक्य होतं त्यात. कमिशनरनं पाहिलं ते प्रामाणिकपणे नोंदवलंय, अर्थ लावायला मात्र घाई केली, अशा आशयाचं. शिकलगार चष्म्यावरून माझ्याकडं बघत होते. मी रडत होते. ते म्हणाले, "रडतेस काय येडे? पहिलं निम्मं वाच की."

पट्टीवरचा ऊस तुटला आणि पहिली गाडी निघायची ठरली, तेव्हा शिकलगार म्हणाले, चल, आता तू कमिशनर नाहीस. गेले. थंडी, पाचटाचा वास, कोयत्यांचे आवाज. बैलांच्या शिंगांना आक्कानं नवे गोंडे बांधले होते. गाडी लादून खिंडारात आली, धोंड्यांवर चाकं चढली, खडखडली, आणि पट्टीवर उतरली. शेवंताक्का गाडीपुढं अनवाणी चालत होती. तिची लेक पदरानं डोळे पुसत होती. आक्का नव्हती रडत. तिचं लक्ष चाकांकडं होतं.

रंगराव बाभळीखाली उभे होते. मला वाटलं आता काहीतरी होतंय. त्यांनी मला हाक मारली, "या पावणं!" आणि हसले, कसंनुसं. "बाई, तुमच्याच कागदानं म्या जिकलो आन् तुमच्याच कागदानं हरलो. लई भारी कागद बगा तुमचा." मग गाडीच्या मागचं चाक एका खड्ड्यात बसलं, तर हाच माणूस धावत गेला आणि चाकाला खांदा लावून मोकळा झाला. कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही.

आक्कानं पितळी पेला पुढं केला. "आता तरी च्या घ्यायचा का?" मी दोन पेले प्याले.

हे सगळं मी अमृताला सांगितलं. नक्कल घेऊन ती घरी गेली. काल तिचा जागेवरून फोन. गावातल्या दोन घरांमधल्या बोळाचा वाद आहे तिचा. "मॅडम, इथं बघण्यासारखं काहीच नाही. एक तुळस आहे आणि एक धुण्याचा दगड."

"मग तेच लिही," मी म्हटलं. "दगड कुठल्या बाजूनं झिजलाय, तेही लिही. आणि तिथं कुणी म्हातारी असेल तर ती काय म्हणते ते ऐकून घे. ऐकायला बंदी नाही."

आणखी एक सांगायचं राहिलं. ते अमृतालाही सांगितलेलं नाही. पहिली गाडी निघाली त्याच्या पुढच्या श्रावणात मी पुन्हा त्या रानात गेले. कुणी बोलावलं नव्हतं. वाट बघावी, एवढंच मनात होतं. जाऊन बघते तर पट्टीवर भुईमूग! दोन्हीकडं ऊस, मधे बारा फूट हिरवागार भुईमूग, पिवळी फुलं लागलेली. चाकोरीचा मागमूस नाही. माझं डोकंच फिरलं. आक्का बांधावर शेळीला पाला काढत होती. मी तिथूनच ओरडले, "आक्का, हे काय? पुन्हा पेरू दिलंत त्यांना? एवढी वर्षं कोर्टात घालवून?"

ती खो खो हसली. "आवं, पावसाळ्यात वाटंचं काय काम? रान रिकामं बघवत न्हाय. त्यो इचाराय आल्ता, म्या व्हय म्हटलं. दिवाळीला काढतुया की."

"आणि नाही काढला तर?"

"आवं, काढंल की," ती म्हणाली. हे ती इतक्या सहज म्हणाली, की माझी सगळी कलमं माझ्याजवळच राहिली. मग तिनं पाला खाली टाकला, माझं मनगट धरलं आणि मला ओढत बांधाच्या खिंडारापाशी आणून उभं केलं.

"हितंच हुबारला हुता न्हवं तुमी त्या टायमाला?"

"इथंच."

"मग लिवा आता. काय दिसतंय?"

मी बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

"भुईमूग," मी म्हटलं.

"मग?"

"मग वाट हाय की, आक्का."